अठरा नंबरची गैरहजेरी

महिना संपला की आमच्या मुलीच्या शाळेतून एक गुलाबी कागद घरी येतो. त्यावर मुलीची उंची, वजन, नखं कापलेली आहेत की नाहीत आणि महिन्याची हजेरी एवढ्या चार गोष्टी असतात. खाली पालकाने सही करायची आणि कागद परत पाठवायचा. दीड वर्ष मी तो न वाचता सही करून पाठवत आलो. त्या दिवशी का वाचला, देव जाणे. चहा गार व्हायची वाट बघत होतो, एवढंच आठवतं.

हजेरी : चोवीसपैकी तेवीस. गैरहजर : २८ तारीख.

आता मी मोजणी खात्यात काम करतो. लोकांच्या जमिनींचे नकाशे मूळ नकाशाशी ताडून बघणं हे माझं काम. एक रेघ केसभर सरकली की दोन भावांचं बोलणं बंद होतं, हे मी वीस वर्षं बघतोय. त्यामुळे चुकीची नोंद दिसली की मला खाज सुटते. आणि ही नोंद चुकीची होती. मुलीला रोज सकाळी सात वाजता स्कूटरवर मागे बसवून शाळेच्या फाटकात मीच सोडतो. गेल्या महिन्यात एकही दिवस चुकला नव्हता.

"मुंगे," मी हाक मारली. मुलगी दुसरीत आहे. लहानपणी साखरेचा डबा कुठेही ठेवला तरी शोधून काढायची, म्हणून घरात तिचं नाव मुंगी. "अठ्ठावीस तारखेला तू शाळेत होतीस ना?"

"होते."

"मग इथे गैरहजर कशी?"

तिने कागदाकडे बघितलं, मग स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे. "असू दे ना बाबा," ती म्हणाली.

"असू दे कसं? तू होतीस की नव्हतीस?"

"होते म्हटलं ना."

बायको आतून म्हणाली, "सही कर आणि दे. दुसरीतली हजेरी तिला कोण विचारणार आहे?" बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे दिवसभर इतके खरेखुरे आकडे बघते की घरी आल्यावर तिला आकड्यांबद्दल काही वाटत नाही.

मी सही केली नाही. जेवताना कागद समोर होता, टीव्ही बघताना मांडीवर. दोनदा उठून गॅलरीत गेलो, दोनदा परत आलो. "एका जागी बस," बायको म्हणाली. पण ते मला जन्मात जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुंगीला सोडलं आणि तिच्यामागोमाग वर्गापर्यंत गेलो. वर्गशिक्षिका दारातच भेटल्या. बाई मान खाली घालून चालतात, मान खाली घालून बोलतात, आणि अठ्ठेचाळीस मुलांची हजेरीही मान खाली घालूनच घेतात. मान वर करायला त्यांना वेळ असतो असं वाटत नाही.

"हजर म्हणाली असेल तर 'ह' लिहिलं असणार," त्या म्हणाल्या. "म्हणाली नसेल तर 'गै'. मी माझ्या मनाचं लिहीत नाही."

"पण ती होती."

"मग म्हणाली का नाही?"

त्यांनी मला शाळेच्या कचेरीत पाठवलं. महिना बंद झाला की हजेरीपट कारकुनाच्या ताब्यात जातो, म्हणे.

कारकून आमच्याच जातकुळीतला निघाला. म्हणजे समोर माणूस उभा असताना आधी तीन पानं उलटायची, मग चष्मा पुसायचा, मग "बोला" म्हणायचं. मी हेच करतो. पण टेबलाच्या दुसऱ्या बाजूने ते बघायला बरं वाटत नाही.

"अर्ज कसला?"

"गैरहजेरी रद्द करण्याचा."

"असा अर्ज नसतो. गैरहजेरीचं कारण कळवण्याचा असतो." त्याने एक छापील फॉर्म सरकवला. "ताप लिहा. एका दिवसाला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही."

"पण ताप नव्हता. ती शाळेत होती."

"ती शाळेत होती हे कशावरून?"

"ती घरी होती हे तरी कशावरून?"

"पटावरून," तो म्हणाला, आणि चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

मग मी तिथेच उभ्याउभ्या फॉर्म भरला. विद्यार्थिनीचे नाव, इयत्ता, तुकडी, अनुक्रमांक अठरा, गैरहजेरीचा दिनांक. आणि 'गैरहजेरीचे कारण' या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'विद्यार्थिनी हजर होती.' तीन दिवसांनी मुख्याध्यापिकाबाईंच्या शेऱ्यासह फॉर्म परत आला. शेरा होता, 'कारण समाधानकारक नाही.'

इथे एखादा शहाणा माणूस थांबला असता. पण तो फॉर्म मी जिन्यात उभा राहून वाचत होतो, आणि आमच्या जिन्यात काहीही वाचलं की ते सगळ्यांचं होतं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर भाजीची पिशवी घेऊन खाली येत होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून शेवटपर्यंत वाचलं.

"तुमचं चुकलं कुठे सांगू?" ते म्हणाले. "हातोहात दिलंत. हातोहात दिलेल्या कागदाला किंमत नसते. रजिस्टर्ड पाठवा, पोचपावतीसह. आणि एक प्रत वरच्या कार्यालयाला."

"एका दिवसाच्या हजेरीसाठी?"

"वरच्या कार्यालयाची प्रत बघितली की खालचे लोक उठून उभे राहतात. चाळीस वर्षं टपाल वाटलंय मी."

पोस्टमास्तरांच्या बायकोला आम्ही मावशी म्हणतो. मावशी वरून ओरडल्या, "त्यांचं ऐकू नका हो. घरचा नळ गळतोय तीन महिने, त्याचंही एक पत्र लिहून ठेवलंय फक्त."

मी पोस्टमास्तरांचं ऐकलं. शिवाय समोरच्या घरातल्या विमा एजंटचंही ऐकलं. तो म्हणाला, नुसत्या पत्राने दावा मंजूर होत नाही, पुरावा जोडा. तेव्हा मुंगीच्या दप्तरातून चित्रकलेची वही काढली. अठ्ठावीस तारखेच्या पानावर 'माझे घर' होतं. घरापेक्षा मोठा सूर्य, दारात चार पायांचा कुणीतरी (तो मी होतो असं नंतर कळलं) आणि खाली बाईंची तारखेसह सही. इतका पक्का पुरावा मी खात्याच्या फायलीतही फारसा बघितलेला नाही. अर्ज लिहिला, वही जोडली, दोन पाकिटं, दोन पावत्या.

पहिला परिणाम असा झाला की वही कचेरीत 'पुरावा क्रमांक एक' म्हणून अडकली, आणि दुसऱ्याच दिवशी मुंगीच्या डायरीत शेरा आला, 'चित्रकलेची वही आणत नाही. पालकांनी लक्ष द्यावे.'

दुसरा परिणाम म्हणजे वरच्या कार्यालयाने खरोखरच उत्तर दिलं. तपासणी अधिकारी सोमवारी सकाळी साडेसातला शाळेत येतील, अर्जदाराने संबंधित विद्यार्थिनीसह उपस्थित राहावे. पोस्टमास्तरांनी ते पत्र तीनदा वाचलं आणि मला मिठी मारायचे बाकी राहिले.

सोमवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीबाहेरच्या बाकावर बसलो, शेजारी मुंगी. हजेरीची घंटा झाली. सगळी मुलं वर्गात गेली.

"मी जाऊ वर्गात?" ती सारखी विचारत होती.

"साहेब कधीही येतील. बस."

"मग पाणी पिऊन येते."

पाणी प्यायला ती पाच मिनिटं गेली आणि धापा टाकत आली. साहेब आलेच नाहीत. दुपारी कळलं, त्यांची जीप बंद पडली. मंगळवारी पुन्हा तोच बाक, तोच शर्ट. घंटा झाली, मुंगीला पुन्हा तहान लागली. साहेब अकरा वाजता आले, दहा मिनिटं बसले, वहीतल्या चार पायांच्या माणसाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "गुरुवारी वर्गात येऊन पूर्ण पट तपासतो. एकेका मुलाला उभं करून."

जाताना कारकुनाने मला बोलावलं. "सोमवार आणि मंगळवार तुमची मुलगी वर्गात नव्हती," तो म्हणाला. "दोन 'गै' लागलेत. ही खरी आहेत. फॉर्म भरणार?"

म्हणजे एक खोटी गैरहजेरी पुसायला गेलो आणि दोन खऱ्या लावून घेतल्या. घरी आल्यावर बायकोने विचारलं काय झालं. मी म्हटलं, प्रगती आहे.

बुधवारी संध्याकाळी मुंगी जेवेना. वरण-भाताची ताटात चित्रं काढत बसली.

"बाबा, उद्या साहेब सगळ्यांना उभं करणार?"

"सगळ्यांना."

"जो नाही त्यालापण?"

"जो नाही तो कसा उभा राहील? जो नाही तो नाही, हेच तर बघायचंय."

तिच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. ती रडकी नाही. स्कूटरवरून पडली होती तेव्हाही आधी माझ्या आरशाची काच बघितली होती तिने. बायकोने ताट बाजूला केलं आणि तिला मांडीवर घेतलं. मी उभा होतो, तो बसलो.

मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. तिच्या बाकावर शेजारी एक मुलगी बसते, अनुक्रमांक सतरा. गुडघ्यापर्यंत वेणी आहे म्हणून वर्गात तिला वेणीच म्हणतात. वेणी सत्तावीस तारखेपासून शाळेत आलेली नाही. आणि सत्तावीस तारखेपासून रोज सकाळी बाईंनी 'सतरा' म्हटलं की मुंगी बारीक आवाजात 'हजर' म्हणते, आणि 'अठरा' म्हटलं की स्वतःच्या आवाजात. बाईंची मान खालीच.

"अठ्ठावीस तारखेला माझा घसा बसला होता," मुंगी हुंदके देत म्हणाली. "दोन्ही आवाज सारखेच आले. बाई म्हणाल्या, एकदा बोललीस ना, गप्प बस. आणि माझं नाही मांडलं."

"आणि सोमवारी? मंगळवारी?"

"पाणी प्यायला गेले तेव्हा. खिडकीतून म्हटलं. तिचं एकटीचं."

मी बायकोकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, ती मुंगीचे केस मागे करत होती. "पण का गं?" तिने विचारलं.

"चिठ्ठीशिवाय पंधरा दिवस नाही आलं की नाव काढून टाकतात. बाई म्हणाल्या होत्या."

"मग चिठ्ठी द्यायची ना तिने."

"दिली होती. माझ्याकडे दिली होती." आता ती माझ्याकडे बघत होती. "बाबा, चौकात सिग्नलला आपण थांबतो ना, तिथे तिचं घर आहे. तिने पळत येऊन माझ्या हातात दिली. मग पुलावर उडाली. मी तुला म्हटलं, थांब ना, काहीतरी उडालं."

मला आठवलं. सात वाजून बारा मिनिटं झाली होती, मी घाईत होतो. मी म्हणालो होतो, "टोपी डोक्यावर आहे ना? मग उडू दे." वर स्वतःच्या विनोदावर हसलोही होतो.

त्या संध्याकाळी मी किती फेऱ्या मारल्या ते खालच्या मजल्यावरच्यांनी मोजलं असेल. उद्या साहेब सतरा नंबरला उभं राहायला सांगणार. समोर रिकामी जागा. पटावर ओळीने एकोणीस 'ह'. बाईंची नोकरी, वेणीचं नाव, माझ्या मुलीची अब्रू, सगळं एकाच बाकावर. आणि साहेबांना बोलावलं कुणी? रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह?

"अर्ज मागे घेतो," मी म्हटलं.

"घे," बायको म्हणाली. "पण ती पोरगी एकोणीस दिवस का आली नाही, हे आपल्यापैकी कुणी विचारलंय का अजून?"

खरं सांगायचं तर नव्हतं विचारलं. हजेरीच्या मागे इतका धावत होतो की जी खरोखर गैरहजर होती तिचा विचारच डोक्यात आला नाही.

गुरुवारी सकाळी सहा वाजता आम्ही तिघंही चौकात. कपडे शिवायचं एक छोटं दुकान, त्याच्या मागे दोन खोल्या. दार वेणीनेच उघडलं. एका हातात उलथनं, कपाळाला पीठ. आत तिची आई खाटेवर, डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, आणि तशाच अवस्थेत हाताने एका शर्टाला काज करत होती. वरच्या फळीवरचा कापडाचा गठ्ठा काढताना स्टुलावरून पडल्या होत्या. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, महिन्याने येणार.

"हिला एकटीला हा रस्ता ओलांडायला कसं पाठवू?" त्या म्हणाल्या. "आणि मला साधं पाणी घ्यायचं तरी कुणी लागतं. पण मी बाईंना चिठ्ठी पाठवली होती सगळं लिहून. बाईंचा काहीच निरोप नाही आला. म्हटलं, त्यांना काय, अठ्ठेचाळीसातली एक."

मुंगी माझ्या मागे लपली. मी घसा साफ केला. खात्यात मी दोन भावांना बांध कुठे सरकला ते बिनदिक्कत सांगतो, पण हे वाक्य तोंडातून निघायला वेळ लागला. "ती चिठ्ठी माझ्यामुळे हरवली," मी म्हटलं. "मुलीने थांब म्हटलं होतं. मी थांबलो नाही."

त्यांची सुई थांबली. मग बायकोने पर्स खुंटीला अडकवली, प्रयोगशाळेत फोन करून उशिरा येते म्हणून सांगितलं आणि वेणीच्या हातातून उलथनं काढून घेतलं. "जा, युनिफॉर्म घाल," ती वेणीला म्हणाली. "मी आहे इथे." वेणीच्या आईने कागद मागितला आणि सगळी चिठ्ठी पुन्हा लिहिली, या वेळी माझ्या हातात दिली. मी ती शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि स्कूटर तिथेच ठेवून दोघींना चालत नेलं.

बाई वर्गाच्या दारात भेटल्या. साहेब अजून आले नव्हते. मी चिठ्ठी दिली आणि सगळं सांगितलं, पुलापासून खिडकीपर्यंत. बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला दीड वर्षात माहीत नव्हतं.

"सतराचा आवाज हल्ली बारीक झालाय असं वाटत होतं मला," त्या हळूच म्हणाल्या. "सर्दी असेल म्हटलं. बघितलं मात्र नाही."

"साहेब सतरा नंबरला उभं राहायला सांगतील तर ती उभी राहील," मी म्हटलं. "आज ती आहे. तुम्ही काही बोलला नाहीत तरी चालेल." हे सांगताना मला लाज वाटत होती, पण सांगितलं.

साहेब आले, पट उघडला, तेव्हा बाईच पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तपासायच्या आधी एक सांगायचंय. यातले सतरा नंबरचे एकोणीस 'ह' चुकीचे आहेत. चूक माझी आहे. आणि अठरा नंबरचा एक 'गै' चुकीचा आहे, तीही माझीच."

साहेबांनी चिठ्ठी वाचली. मुंगीला जवळ बोलावलं. "दुसऱ्याच्या नावाने हजर म्हणायचं नसतं," ते म्हणाले.

"माहितीये," मुंगी म्हणाली. "पण ती नव्हती ना."

साहेबांनी लाल पेन काढलं. एकोणीस 'ह' खोडले, प्रत्येकावर सही केली आणि समोर लिहिलं, 'आई आजारी, चिठ्ठी प्राप्त.' नाव काढायचा प्रश्न मिटला. अठ्ठावीस तारखेचा मुंगीचा 'गै' खोडून 'ह' केला. सोमवार-मंगळवारचे दोन मात्र तसेच राहिले, कारण ते खरे होते. माझी तीन आठवड्यांची एकूण कमाई म्हणजे एक दिवस मिळवला आणि दोन घालवले. बाईंना मेमो मिळाला. तो कारकुनाने टाइप केला आणि मुख्याध्यापिकाबाईंनी खाली सही केली.

बाईंनी मुंगीला एक काम लावलं. कुणी सलग तीन दिवस आलं नाही तर उठून बाईंना सांगायचं. ती ते इतक्या इमानाने करते की गेल्या आठवड्यात कांजिण्या आलेल्या एका मुलाच्या घरी बाई स्वतः जाऊन आल्या. हजेरी आता दहा मिनिटं चालते, कारण प्रत्येक नंबराला बाई मान वर करतात. गणिताचा तास तेवढा लहान झालाय. मुलांची तक्रार नाही.

वेणीच्या घरी बसायच्या पाळ्या बायकोने लावल्या. सकाळी वेणीच्या आईजवळ मावशी बसतात, आणि मावशी घरात नसल्यामुळे पोस्टमास्तरांनी कंटाळून नळ दुरुस्त केला. दोघी मुलींना शाळेत न्यायचं काम माझ्याकडे आलं. स्कूटरवर तिघं बसवायची नाहीत, चालतच जायचं, असं वेणीच्या आईने बजावून सांगितलंय. माझ्या स्कूटर चालवण्याबद्दल त्यांना आता काही शंका राहिलेल्या नाहीत.

पहिल्या दिवशी मी चालत निघालो खरा, पण स्कूटरचा हिशेब डोक्यात होता, त्यामुळे उशीर झाला. शाळेच्या फाटकात पोचलो तेव्हा घंटा होत होती. मुंगी पळाली. वेणी थांबली, दप्तराचा पट्टा नीट केला आणि माझ्याकडे वर बघत म्हणाली, "काका, उद्या तुम्हीच येणार?"

"हो. आई बरी होईपर्यंत मीच."

"मग उद्या दहा मिनिटं आधी या," ती म्हणाली. "तुमच्यामुळे आज जवळजवळ चुकली असती माझी हजेरी."